वर्तणुकीचा रकाना

महाराष्ट्रात शाळा किंवा महाविद्यालय सोडताना जो दाखला हाती मिळतो, त्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे 'चांगली' एवढाच शब्द असतो, आणि तो लिहिणाऱ्या लिपिकाने त्या विद्यार्थ्याला बहुधा कधी पाहिलेलेही नसते. ज्याच्या दाखल्यावर त्या शब्दाच्या जागी लाल शाईतला शेरा पडतो, त्याला मात्र पुढच्या प्रत्येक प्रवेशाच्या खिडकीवर त्या शेऱ्याचे उत्तर द्यावे लागते. परीक्षेत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, आणि त्यासाठी तारीख, शुल्क, अर्जाचा नमुना, निकालाची मुदत असे सगळे छापील स्वरूपात उपलब्ध असते. दोन गुणांच्या फरकासाठी आपल्या विद्यापीठांनी एवढी व्यवस्था उभी केली आहे. त्याच विद्यार्थ्याला वर्तनाच्या कारणावरून सहा महिने किंवा दोन वर्षे बाहेर काढायचे असेल तर मात्र आरोप कोणत्या शब्दांत सांगायचा, उत्तर द्यायला किती दिवस द्यायचे, पुरावा कोणी तपासायचा आणि निर्णय चुकीचा वाटला तर दाद कुठे मागायची, हे बहुतेक महाविद्यालयांत त्या त्या वेळच्या प्राचार्यांच्या मनावर असते.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले आहे आणि त्यातली काही वर्षे शिस्तपालन समितीवर काम केले आहे. त्यामुळे आरंभीच हे सांगतो की विद्यार्थ्यांच्या गैरवर्तनाला शिक्षा असू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. वसतिगृहातली मारहाण, रॅगिंग, मुलींचा पाठलाग, जातीवरून केलेली शिवीगाळ, प्रयोगशाळेची मोडतोड हे प्रकार मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांकडे 'पोरवय' म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या संस्थेने पीडित विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडलेले असते असे मी मानतो. माझे म्हणणे इतकेच आहे की शिक्षेपर्यंत जाणारी वाट पुनर्मूल्यांकनाच्या वाटेइतकी तरी ठरलेली, लिहिलेली आणि सर्वांना माहीत असलेली हवी. ती तशी नसल्यामुळे निरपराध विद्यार्थी भरडला जातो आणि अपराधी विद्यार्थी सुटतो, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडतात.

हा प्रश्न आजचा नाही. पुण्यात १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'तून त्या निर्णयावर कडक टीका केली. त्याच वर्षी बंगालमध्ये सरकारने कार्लाइल परिपत्रक काढून, स्वदेशीच्या चळवळीत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना आवरले नाही तर अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद करण्याची ताकीद शिक्षणसंस्थांना दिली होती. ही प्रकरणे आपल्याकडे नेहमी राजकीय इतिहास म्हणून सांगितली जातात. पण प्रशासनाच्या दृष्टीने पाहिले तर महाविद्यालयाच्या आवाराबाहेर घडलेल्या, अभ्यासाशी संबंध नसलेल्या कृतीबद्दल महाविद्यालयाने शिक्षा करावी का, केली तर कोणत्या नियमाखाली, आणि शिक्षा देणाऱ्यावर वरून दबाव असेल तर त्याचा निर्णय किती स्वतंत्र मानायचा, हे तिन्ही प्रश्न तेव्हाच उभे राहिले होते. परांजपे हे व्यासंगी आणि सचोटीचे गृहस्थ होते याविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती. माणूस सचोटीचा असला तरी नियमाची उणीव त्यामुळे भरून निघत नाही, एवढे त्या प्रकरणातून तेव्हाच दिसले होते. नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत आपण ते मनावर घेतलेले नाही.

प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या हमीपत्रातले एक वाक्य जवळजवळ सर्वत्र सारखे असते: संस्थेच्या शिस्तीस अथवा लौकिकास बाधा येईल असे कोणतेही वर्तन मी करणार नाही. जून-जुलैच्या गर्दीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कागदपत्रांची पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलामुलींनी ते न वाचता त्याखाली सही केलेली असते. 'शिस्त' म्हणजे काय आणि 'लौकिक' म्हणजे काय हे त्या कागदावर कुठेही सांगितलेले नसते. या दोन शब्दांत चोरी बसते, दारू पिऊन केलेला गोंधळ बसतो, मेसच्या जेवणाबद्दल काढलेला मोर्चा बसतो आणि संस्थेच्या कारभाराबद्दल समाजमाध्यमावर लिहिलेल्या चार ओळीही बसतात. ज्या नियमात सगळेच बसते तो नियम विद्यार्थ्याला काय करू नये हे सांगतच नाही. आपल्याला आज कोणाची मर्जी सांभाळायची आहे, एवढेच तो त्याला शिकवतो.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२३ च्या अखेरीस मुख्य प्रॉक्टर (विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे काम पाहणारे अधिकारी) यांच्या कार्यालयाची जी नियमावली लागू केली, तिच्यावर पुष्कळ टीका झाली. शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणे किंवा निदर्शने केल्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंड आणि राष्ट्रविरोधी घोषणांबद्दल दहा हजार रुपये दंड, अशा तरतुदी तिच्यात होत्या. ती टीका मला रास्त वाटते. परंतु निदान तिथे अंतर आणि रक्कम लिहिलेली होती आणि म्हणून त्यावर वाद घालता आला. आपल्याकडच्या असंख्य महाविद्यालयांत एवढेही लिहिलेले नसते. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली मेसमधील काही टेबले केवळ शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध काही विद्यार्थ्यांनी त्या टेबलांवर बसून विरोध नोंदवला, तेव्हा एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. त्याच संस्थेत २०२४ साली रामायणावर आधारित एका नाटकाच्या प्रयोगाबद्दल तक्रारी आल्यावर वरिष्ठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक लाख वीस हजार आणि कनिष्ठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी चाळीस हजार रुपये दंड ठोठावण्यात आला.

या रकमांशेजारी एक जुना कायदा ठेवून पाहावा. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये, एखाद्या विद्यार्थ्यावर न्यायालयात खटला चालून, पुरावा होऊन, रॅगिंगचा गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे दुसऱ्याचा छळ केल्याबद्दल न्यायाधीश या कायद्याखाली जेवढा दंड करू शकतात, त्याच्या बारापट दंड एका नाटकाबद्दल संस्थेची समिती बंद दारामागे करू शकते. नाटक कोणाला आवडले, कोणाच्या भावना दुखावल्या, यावर मतभेद असू शकतात. दंडाची कमाल मर्यादा विधिमंडळाने ठरवायची असते आणि तिच्या आत राहून शिक्षा ठरवायची असते, हे तत्त्व मात्र मतभेदाचे नाही. दंडाची शिक्षा विद्यार्थ्याला होते आणि पैसे घरचे भरतात, हा त्यातला आणखी एक दोष. ज्याच्या वडिलांचा पगार सहा आकडी आहे त्याला चाळीस हजार रुपयांनी शिस्त लागत नाही. ज्याच्या घरी कापसाच्या पैशांवर वर्षाची फी भरली जाते त्याचे शिक्षणच त्या रकमेने बंद पडते. माझ्या मते वर्तनाबद्दलचा रोख दंड, प्रत्यक्ष मोडतोडीची भरपाई वगळता, पूर्णपणे रद्द केला पाहिजे.

आता मे २०२५ मधले पुण्याचे प्रकरण घ्यावे, कारण आपल्या व्यवस्थेचा सगळा आजार त्या तीन आठवड्यांत दिसला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, जम्मू-काश्मीरमधून शिकायला आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत समाजमाध्यमावर एक मजकूर पुढे पाठवला. धमक्या येऊ लागल्यावर तिने तो काढून टाकला आणि माफी मागितली. ९ मे रोजी तिला अटक झाली आणि त्याच दिवशी महाविद्यालयाने तिला काढून टाकल्याचे पत्र काढले. तिला नोटीस दिली नाही, तिचे म्हणणे ऐकले नाही. तिची सत्र परीक्षा तोंडावर होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीतील खंडपीठाने २७ मे रोजी तिच्या सुटकेचा आदेश दिला, महाविद्यालयाचे ते पत्र स्थगित केले आणि तिला परीक्षेला बसू द्यावे असे सांगितले. तोवर काही पेपर होऊन गेले होते.

त्या मजकुराशी मी सहमत आहे की नाही हा प्रश्न इथे येतच नाही. तो मजकूर गुन्हा ठरतो का, हे न्यायालय पाहील. महाविद्यालयापुढचा प्रश्न वेगळा आणि सोपा होता: आपल्या विद्यार्थिनीला काढण्यापूर्वी तिला विचारायचे की नाही? उत्तर मागवायला एक कागद, एक सही आणि चार दिवस लागले असते. ती कोठडीत होती म्हणून ते शक्य नव्हते असे कोणी म्हणेल, तर कोठडीतल्या माणसालाही नोटीस बजावता येते आणि तो सुटेपर्यंत थांबताही येते. संस्थेला घाई होती ती आपले हात झटकण्याची. बाहेर संतापाची लाट असताना संस्थाचालकांना भीती वाटते हे मी समजू शकतो. पण नियम लिहून ठेवायचे असतात ते नेमके अशा दिवसांसाठी. पोलिसांची कारवाई आणि महाविद्यालयाची कारवाई या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अटक झाली म्हणजे शिस्तभंग सिद्ध झाला असे होत नाही, आणि गुन्हा दाखल झाला नाही म्हणून शिस्तभंग झालाच नाही असेही होत नाही.

इथे मला माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी समितीवर असताना एका वसतिगृहात दोन गटांची मारामारी झाली. एका मुलाचे डोके फुटले, आठ टाके पडले. रेक्टरांनी ज्या पाच जणांची नावे दिली त्यांत हिंगोलीकडच्या एका खेड्यातला, दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा होता. त्याच्या वडिलांना फोन गेला आणि ते रात्रीच्या एसटीने निघून सकाळी साडेनऊला कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसले. मांडीवर नायलॉनची पिशवी, तिच्यात डबा. साडेअकराला त्यांना आत बोलावले. खुर्ची रिकामी असूनही ते उभेच राहिले. "माफीनामा लिहून द्या, प्रकरण इथेच मिटवू," असे त्यांना सांगण्यात आले. मुलगा म्हणत होता, "मी भांडण सोडवायला गेलो होतो, सर." वडिलांनी त्याच्याकडे न पाहता त्याला गप्प केले आणि विचारले, "साहेब, कुठं सही करू?" लिपिकाने मजकूर सांगितला, मुलाने लिहिला, दोघांनी सह्या केल्या: माझ्याकडून झालेल्या गैरवर्तनाबद्दल मी क्षमा मागतो, पुन्हा असे होणार नाही.

चार दिवसांनी समितीची बैठक झाली तेव्हा त्या मुलाविरुद्धचा एकमेव पुरावा म्हणून तोच माफीनामा आमच्यापुढे ठेवण्यात आला. त्याने स्वतःच कबूल केले आहे, मग चौकशी कशाची, असे सर्वांना वाटले. आदेश तीन ओळींचा निघाला: पुढील आदेशापर्यंत निलंबित. पुढचा आदेश निघायला सात आठवडे लागले. त्या काळात प्रात्यक्षिक परीक्षा झाली आणि त्याचे सत्र गेले. नंतर जखमी मुलानेच सांगितले की या पोराने मला ओढून बाजूला काढले होते. त्या तीन ओळींच्या आदेशाखाली सदस्य म्हणून माझीही सही आहे.

तेव्हापासून 'पुढील आदेशापर्यंत' या दोन शब्दांविषयी माझ्या मनात तीव्र नाराजी आहे. चौकशी होईपर्यंत एखाद्याला दूर ठेवणे कधी कधी आवश्यक असते. तक्रारदार मुलगी आणि आरोपी मुलगा एकाच वर्गात बसत असतील, किंवा साक्षीदारांना धमकावले जात असेल, तर ते केलेच पाहिजे. पण ती खबरदारी आहे, शिक्षा नव्हे, आणि म्हणून तिला मुदत हवी. पंधरा दिवसांत चौकशी पुरी झाली नाही तर निलंबन आपोआप संपेल किंवा लेखी कारण देऊन एकदाच वाढवता येईल, असा नियम असता तर त्या मुलाचे सत्र वाचले असते. निलंबनाच्या काळातही परीक्षेला बसण्याची सोय, हवी तर वेगळ्या केंद्रावर, ठेवता येते. सत्र पद्धतीत वर्ष चार-साडेचार महिन्यांच्या तुकड्यांत मोडलेले असते, त्यामुळे आज पन्नास दिवसांचे निलंबन म्हणजे प्रत्यक्षात सहा महिन्यांची शिक्षा होते. आणि माफीनामा हा पुरावा मानू नये, हे तर ठळक अक्षरांत लिहून ठेवले पाहिजे. समेटासाठी घेतलेला कागद शिक्षेसाठी वापरणे हा विश्वासघात आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की महाविद्यालय म्हणजे न्यायालय नव्हे. वकील, उलटतपासणी, साक्षीपुरावे हे सगळे आणले तर शिकवायचे कधी? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच उत्तर दिलेले आहे. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले आणि त्यांनी अत्यंत अश्लील वर्तन केले, अशी तक्रार मुलींनी केली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले, कारण समोरासमोर उभे केले असते तर मुली बोलल्या नसत्या आणि बोलल्या असत्या तर नंतर त्यांना त्रास झाला असता. मुलांची छायाचित्रे इतर छायाचित्रांत मिसळून मुलींना ओळखायला सांगितली. मग प्रत्येक मुलाला बोलावून आरोप सांगितला, त्याचे म्हणणे लिहून घेतले आणि दोषी ठरलेल्यांना दोन शैक्षणिक वर्षांसाठी काढून टाकले. जबाब आपल्यासमोर घेतले नाहीत, म्हणून नैसर्गिक न्याय, म्हणजे आरोपीला आपली बाजू मांडण्याची रास्त संधी देण्याचे तत्त्व, डावलला गेला, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे सर्वत्र एकाच साच्यात बसवता येत नाहीत, प्रसंग पाहून त्यांचे स्वरूप ठरते, असे त्या निकालाचे सार आहे.

पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या तीन प्राध्यापकांकडे वकील नव्हता, सीसीटीव्ही नव्हता, कायद्याचा सल्लागारही बहुधा नव्हता. त्यांनी विचार केला, एवढेच. मुलींचे संरक्षण कसे होईल आणि मुलांवर खोटा आळ कसा येणार नाही या दोन्ही बाजू त्यांनी तोलल्या, आणि म्हणूनच त्यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. चांगली प्रक्रिया ही आरोपीला दिलेली सवलत आहे असा एक गैरसमज प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतो. प्रत्यक्षात ती तक्रारदाराची ढाल असते. घाईने, ऐकून न घेता, कारण न देता काढलेला आदेश पहिल्याच सुनावणीत कोसळतो, दोषी मुलगा हार घालून परत येतो आणि तक्रार करणारी मुलगी त्याच वर्गात त्याच्यासमोर बसते. तिला पुन्हा तक्रार करायला सांगण्याचे धैर्य कोणापाशी असते?

लैंगिक छळाच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी निदान चौकट आखून दिली आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, अंतर्गत तक्रार समितीने नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही घ्यायचे, निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करायचे. अंमलबजावणीबद्दल हजार तक्रारी असतील. पण बोट ठेवून दाखवता येईल असा नियम तिथे आहे. मारहाण, चोरी, समाजमाध्यमावरचा मजकूर यांबाबत तसे काही नाही. रॅगिंगच्या बाबतीत तर महाराष्ट्राचा कायदा देशातल्या आरंभीच्या कायद्यांपैकी आहे आणि त्याची कलमे कडक आहेत. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य आढळले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि त्याने तसे केले नाही तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाईल. गुन्हा सिद्ध झाल्यास पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. इतका कडक कायदा असूनही नवख्या मुलांचा छळ थांबलेला नाही, याचे एक कारण मला असे दिसते की शिक्षा अतिशय मोठी आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट अतिशय अंधुक असली की प्राचार्य तक्रार लेखी होऊच देत नाहीत. "अरे, त्याचे करिअर जाईल, तू जरा सांभाळून घे," हे वाक्य मी एकाहून अधिक कार्यालयांत ऐकले आहे. या कायद्यात मधल्या पायऱ्याच नसल्यामुळे एकतर काहीच होत नाही, नाहीतर सगळेच होते.

आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत मधल्या पायऱ्या आहेत. वर्गातून निलंबन, वसतिगृहातून काढणे, निकाल राखून ठेवणे, एक ते चार सत्रांसाठी काढून टाकणे, अशी चढती यादी आहे. मात्र त्याच नियमांत, रॅगिंग करणारे ओळखता आले नाहीत तर संस्थेने सामूहिक शिक्षा करावी, अशीही तरतूद आहे. साक्षीदारांनी तोंड उघडावे हा तिचा हेतू असणार. पण मजल्यावरच्या चाळीस मुलांना एकत्र शिक्षा केली की ज्याने काही पाहिले नाही तो संतापतो आणि ज्याने पाहिले तो अधिकच गप्प होतो, कारण आता त्याच्यावर एकोणचाळीस जणांची नजर असते. कोणी काय केले याचा शोध घेण्याचे कष्ट संस्थेने घ्यायचे असतात. ते टाळण्याची मुभा नियमानेच देऊ नये.

समितीवर कोण बसते हाही दुर्लक्षित राहिलेला प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी रेक्टर तक्रार करतात, तेच साक्ष देतात आणि तेच समितीचे सदस्य असतात. स्वतःच्या तक्रारीत स्वतः निर्णय देऊ नये, एवढी साधी गोष्ट पाळायला कोणताही खर्च येत नाही. शेजारच्या महाविद्यालयातील एक प्राध्यापक, एक महिला सदस्य, मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे प्रश्न जाणणारी एक व्यक्ती आणि एक विद्यार्थी अशी समिती कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळू शकते. विद्यार्थी सदस्य म्हटले की निवडणुकीचा प्रश्न येतो. आपल्या राज्यात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या आरंभी हिंसाचारामुळे बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, तरी प्रत्यक्षात त्यांचे घोडे पुढे सरकलेले नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या वतीने कोण बोलणार, हे आज प्राचार्यच ठरवतात. निवडणुका होतील तेव्हा होतील. तोवर आरोपी विद्यार्थ्याला आपल्यासोबत एक मित्र किंवा एक शिक्षक आणता येईल, एवढी तरतूद उद्यापासून करता येते. कार्यालयात एकटा उभा असलेला मुलगा आणि सोबत कोणीतरी असलेला मुलगा यांच्या बोलण्यात किती फरक असतो, ते मी पाहिले आहे.

दाद मागण्याची वाट तर सर्वांत खडतर. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएचडी करणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीतील एका मोर्चातील सहभाग हे त्यातले एक कारण होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा भोगलेल्या काळापुरती मर्यादित करून त्याला संशोधन पूर्ण करण्याची वाट मोकळी करून दिली. शिक्षा जास्त होती एवढे ठरायला एक वर्षाहून अधिक काळ आणि दोन न्यायालये लागली. परभणी किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातला मुलगा एवढ्या लांब कसा जाणार? आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनी प्रत्येक विद्यापीठात लोकपाल नेमायला सांगितले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथल्या तक्रारींच्या यादीत प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, निकाल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्ध अपील असे स्वतंत्र कलम नाही, ते 'नियमांविरुद्ध केलेली कारवाई' या शब्दांत ओढूनताणून बसवावे लागते. मुळात संस्थेचा नियमच लिहिलेला नसेल तर त्याच्याविरुद्ध कारवाई झाली हे तरी कसे दाखवायचे? हे एक कलम स्पष्ट शब्दांत घातले आणि लोकपालांना तीस दिवसांत शिक्षा कमी करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार दिला, तर निम्मी प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत जाणार नाहीत असे मला वाटते.

राहता राहिला तो दाखल्यावरचा शेरा. रॅगिंगबद्दल शिक्षा झाली असल्यास तसा उल्लेख दाखल्यावर करावा, असे २००९ चे नियम सांगतात, आणि नव्या संस्थेतल्या मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करता त्यामागचा हेतू मी समजू शकतो. इतर गैरवर्तनाला तो न्याय लावण्याचे कारण नाही. अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला तरी बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये अतिगंभीर प्रकरणे सोडून त्याला त्या दोषामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठरावीक काळानंतर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या असतात. एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात दांडगाई केलेल्या मुलाचा शेरा मात्र, शिक्षा भोगून झाल्यावरही, दाखल्याच्या कागदाइतकाच टिकतो. संस्थेने आपल्या दप्तरात नोंद ठेवावी, त्याच संस्थेत तो पुन्हा चुकला तर ती उघडून पाहावी. दाखला देताना मात्र, शिक्षेची मुदत संपलेली असेल तर, वर्तणुकीच्या रकान्यात इतरांच्या दाखल्यावर असतो तोच शब्द लिहावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. विद्यापीठांनी एक परिपत्रक काढले तरी पुरते, आणि ते जूनच्या प्रवेशांपूर्वी निघू शकते.